कोकण किनाऱ्याचं प्रदर्शन उभारताना: कामाचा क्रम आणि हमखास होणाऱ्या चुका

किनाऱ्याच्या निसर्गावर संग्रहालयात दालन करायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत प्रोजेक्टर, व्हीआर (आभासी दृश्य दाखवणारे) चष्मे आणि काचेच्या बोगद्याची चर्चा सुरू होते. कोटेशनं मागवली जातात. काय सांगायचं, नमुने कुठून आणायचे, परवानगी कुणाची, हे सगळं नंतर येतं. मजकूर तर उद्घाटनाच्या आदल्या आठवड्यात कुणीतरी घाईघाईने लिहितं. मग दालनात निळा उजेड असतो, लाटांचा आवाज असतो, काचेमागे शंख मांडलेले असतात, आणि बाहेर पडणाऱ्या मुलीला विचारलं की तिवराची (खाडीतल्या खारफुटीच्या झाडाची) मुळं चिखलातून वर का येतात, तर तिला सांगता येत नाही. पैसे खर्च झालेले असतात आणि किनारा तिच्यापर्यंत पोचलेला नसतो.

यातल्या बहुतेक चुका कामाचा क्रम उलटा लागल्याने होतात, म्हणून खाली क्रमावरच भर दिला आहे. उदाहरण ठाणे खाडीपासून मालवणपर्यंतच्या किनाऱ्याचं घेतलं आहे. गृहीत असं: साधारण २,००० चौरस फुटांचं दालन, बेताचं बजेट, मुख्य प्रेक्षक शाळांच्या सहली आणि हाताशी किमान दीड वर्ष. दालन याहून मोठं असलं तरी क्रम बदलत नाही.

## १. आधी एक पूर्ण वाक्य लिहा

'कोकणचं सागरी वैभव' हा मथळा झाला. त्यात काय घ्यायचं आणि काय गाळायचं हे त्यावरून ठरत नाही, कारण त्यात सगळंच बसतं. तुम्हाला कर्ता-क्रियापद असलेलं वाक्य हवं. या लेखापुरतं आपण हे धरू:

'किनाऱ्यावरचा प्रत्येक जीव भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर जगतो.'

या वाक्याने कामं झटपट ठरतात. चिखलावर उड्या मारणारी निवटी यात बसते, पाणी आलं की शिंपलं उघडणारं कालव बसतं, उधाणाच्या रेषेच्या वर अंडी पुरणारं कासव बसतं, चिखल उघडा पडला की चरायला उतरणारे रोहित पक्षी बसतात आणि ओहोटी बघून कोयती-टोपली घेऊन निघणारी कोळीणही बसते. देणगीत आलेला शार्कचा जबडा बसत नाही. देणगीदार कितीही मोठा असो, तो जबडा दुसऱ्या दालनात जाईल.

तपासा: हे वाक्य विषयाशी संबंध नसलेल्या तिघांना सांगा आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून ऐका. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या तर वाक्य अजून तयार नाही. ते तयार होईपर्यंत आर्किटेक्टला बोलावू नका.

## २. किनारा वर्षभर पाहा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. डिझायनर डिसेंबरात दोन दिवस येतो, फोटो काढतो आणि परत जातो. मग दालनात कायमचा डिसेंबर होतो. प्रत्यक्षात कोकणातली पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, जून ते सप्टेंबर अरुंद होते, लाटा वाळू ओढून नेतात आणि पावसाळ्यानंतर ती हळूहळू परत भरते. ऑलिव्ह रिडले कासवं थंडीत अंडी घालायला येतात आणि वेळाससारख्या किनाऱ्यांवर उन्हाळ्याच्या तोंडाशी पिल्लं बाहेर पडत असतात. ठाणे खाडीतले रोहित पक्षी थंडी-उन्हाळ्यात दिसतात, ऐन पावसाळ्यात नाही. एका भेटीत यातलं एकच काहीतरी हाती लागतं.

भेटी तिथी आणि भरतीचं कोष्टक बघून ठरवा. अमावस्या-पौर्णिमेच्या मागेपुढे उधाण असतं. तेव्हा पाणी सर्वात वर चढतं आणि सर्वात खालीही उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, पाणी ना फार चढत, ना फार उतरत. खडकाळ किनारा पाहायला भांगाच्या दिवशी गेलात तर खालचा निम्मा पट्टा पाण्याखालीच राहील. मुंबईकडे उधाणाच्या दिवसांत पाणी सर्वात खाली जातं ते साधारण सकाळी आणि संध्याकाळी सहा-सातच्या सुमाराला. त्याच्या तासभर आधी किनाऱ्यावर पोचा आणि उतरत्या पाण्यामागे चालत जा.

तिथे करायची कामं:

उधाणाच्या रेषेपासून पाण्यापर्यंत दोरी ताणा आणि ठरावीक अंतरावर मीटरभर बाजूचा चौकोन आखून त्यात काय आहे ते लिहा, फोटो काढा. कोण किती उंचीवर राहतं हे या वहीतून कळतं आणि पुढे सगळी मांडणी हिच्यावर उभी राहते. वरच्या कोरड्या खडकावर बारीक गोगलगायी, मधल्या पट्ट्यात बार्नॅकल (खडकाला चिकटून राहणारे कवचाचे जीव) आणि कालवं, खाली शैवाल, असा पट्ट्यांचा क्रम तुमच्या किनाऱ्यावर नेमका कसा आहे ते पुस्तकातून उतरवू नका, स्वतः मोजा.

जिवंत प्राण्याचा फोटो जागेवरच, मोजपट्टी आणि रंगांचं कार्ड शेजारी ठेवून काढा. खेकडा मेला की त्याचा रंग लवकर उतरतो. मेलेल्या नमुन्यावरून रंगवलेलं मॉडेल कायम आजारी दिसतं.

आवाज सुटे सुटे ध्वनिमुद्रित करा: खडकावर फुटणारी लाट, पुळणीवर पसरणारं पाणी, ओहोटीला चिखलातून येणारी बारीक चटचट, कांदळवनातले (खारफुटीच्या जंगलातले) पक्षी. पाण्याखालचा माइक मिळाला तर खडकांजवळ टिचकी कोळंबीचा कडकडाट नक्की मिळवा. तो ऐकून माणसं थबकतात.

आणि किनाऱ्यावर ज्यांचं पोट आहे त्यांना सोबत घ्या. तिसऱ्या (खाण्याचे शिंपले) आणि कालवं काढणाऱ्या बायका, पाग टाकणारे, डोलीवर जाणारे, रापण ओढणारे (ही तिन्ही मासेमारीची जाळी) यांना पाणी कधी वळतं हे कोष्टक न बघता कळतं. त्यांना सल्लागाराचं मानधन द्या, चहापाण्यावर भागवू नका. श्रेयनामावलीत नाव घालायचं की नाही हेही त्यांनाच विचारा.

इशारा: खाडीच्या चिखलात एकट्याने उतरू नका. पाणी वळल्यावर ते मागच्या नाळीतून आधी भरतं, आणि परतीची वाट समोरचं पाणी पोचण्याआधीच बंद होते. स्थानिक माणूस सोबत हवाच.

## ३. परवानग्या आधी, नमुने नंतर

किनाऱ्यावर पडलेलं ते उचलायला हरकत नाही, असा सार्वत्रिक समज आहे आणि तो चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचींमध्ये २००१ साली अनेक सागरी जीव घालण्यात आले: देवमासा म्हणून चुकून ओळखला जाणारा व्हेल शार्क, समुद्रघोडे, कठीण प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकड्या आणि कवड्या-शंखांच्या निवडक जाती. मेलेलं प्रवाळ, वाळलेला समुद्रपंखा, दुकानात मिळणारा मोठा शंख, हे सगळं कायद्याच्या कक्षेत येऊ शकतं. संग्रहालय आहे म्हणून आपोआप सूट मिळत नाही.

काम या क्रमाने करा. हव्या असलेल्या नमुन्यांची यादी शास्त्रीय नावांसह बनवा. प्रत्येक नावापुढे ते अनुसूचीत आहे का हे अधिनियमाच्या सध्याच्या आवृत्तीत तपासा, कारण २०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची रचनाच बदलली आहे. जे येतात त्यांच्यासाठी मुख्य वन्यजीव रक्षकांकडे लेखी अर्ज करा. कांदळवनात काहीही करायचं असेल तर वन विभागाच्या कांदळवन कक्षाशी आधी बोला. तिथली फांदी तोडणंही चालत नाही.

माझं स्पष्ट मत: या विषयासाठी खऱ्या नमुन्यांची गरज वाटते त्याहून फार कमी असते. साच्यातून काढलेली प्रतिकृती हाताळता येते, फुटली तर पुन्हा करता येते आणि त्यासाठी किनाऱ्यावरचा जीव मारावा लागत नाही. खरे नमुने हवेत तर महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांकडून उसने घ्या. कपाटात धूळ खात पडलेले चांगले नमुने तिथे असतात.

इशारा: जुन्या, भुसा भरलेल्या पक्ष्या-प्राण्यांच्या कातड्यांवर अनेकदा आर्सेनिक लावलेलं असतं. हातमोजे आणि मास्कशिवाय हात लावू नका, आणि असा नमुना 'स्पर्श करा' विभागात कधीही ठेवू नका. फॉर्मेलिनच्या बरण्या बंद खोलीत उघडू नका.

देवमाशाचा सांगाडा लावायचा मोह सगळ्यांना होतो. रत्नागिरीच्या मत्स्यसंग्रहालयातला सांगाडा पाहिला की तो का होतो हेही कळतं. पण त्या हाडांत तेल मुरलेलं असतं आणि ते काढायला महिने नाही, कधीकधी वर्षं लागतात. घाईने टांगलेल्या हाडांतून तेल ठिबकत राहतं. दीड वर्षाच्या कामात सांगाडा धरू नका.

तपासा: नमुन्यांच्या नोंदवहीत प्रत्येकापुढे स्रोत, परवानगी क्रमांक, तारीख आणि आल्या दिवशीचा फोटो आहे का? एकही रकाना रिकामा असेल तर तो नमुना दालनात येत नाही.

## ४. पट्टे निवडा आणि वाट आखा

पुळण, खडकाळ किनारा, कांदळवन, चिखलाचं मैदान. २,००० चौरस फुटांत हे चार पुरतात, पाचवा गर्दी करतो. पाचवा बहुधा मालवणचं प्रवाळ असतं. १९८७ साली घोषित झालेलं मालवणचं सागरी अभयारण्य देखणं आहे आणि निधी देणाऱ्यांना ते हवंच असतं. पण ते भरती-ओहोटीच्या पट्ट्याच्या खालचं जग आहे. आपल्या वाक्यात त्याची जागा एवढीच: खडकाच्या पायथ्याशी, सर्वात खालच्या रेषेवर एक छोटी खिडकी, 'इथून पुढे पाणी कधीच ओसरत नाही' असं सांगणारी. त्याला आख्खं दालन दिलंत तर माणसं तिथेच थांबतील आणि कांदळवन ओलांडून जातील.

वाट उधाणाच्या रेषेपासून खाली पाण्याकडे उतरणारी ठेवा. जमिनीला खराखुरा उतार द्यायचा असेल तर १२ ला १ पेक्षा जास्त तीव्र नको, नाहीतर चाकाची खुर्ची जाणार नाही. मुख्य वाट किमान १.८ मीटर रुंद ठेवा, आणि खुर्ची वळवायला दीड मीटरची मोकळी जागा प्रत्येक पट्ट्यात ठेवा. ४०-५० मुलांची तुकडी एकदम येणार आहे हे विसरू नका. शिक्षकांना सगळ्यांना एकत्र बसवता येईल अशी एक जागा लागते, आणि ती प्रवेशाजवळ नको, मध्यावर हवी.

एक भिंत भरतीमापक म्हणून राखून ठेवा. जमीन म्हणजे सर्वात खालची ओहोटी, असं धरून भिंतीवर खऱ्या उंचीवर रेषा काढा. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाच मीटरच्या जवळ जातं, म्हणजे बहुतेक दालनांत ती रेषा छताच्याही वर जाते. अशा वेळी छतावर एक खूण करा आणि तिथे बाण लावा. मालवणकडे पाणी याच्या बरंच खाली थांबतं, तीही रेषा त्याच भिंतीवर घ्या. ही भिंत रंगवायला फारसा खर्च येत नाही आणि सगळ्यात जास्त वेळ माणसं तिच्यासमोर उभी राहतात.

## ५. मजकूर आत्ताच लिहा

बांधकामाआधी मजकूर लिहायचा, कारण फलकाचा आकार मजकुरावरून ठरतो. उलट केलंत तर ठरलेल्या चौकटीत बसवण्यासाठी अक्षरं बारीक होत जातात.

पट्ट्याच्या मुख्य फलकाला साठ-सत्तर शब्द, वस्तूच्या पट्टीला पंचवीस-तीस. याहून जास्त लिहायचं असेल तर ते पुस्तिकेत जाईल. पहिलं वाक्य समोर दिसणाऱ्या गोष्टीबद्दल हवं. 'तिवर ही खारफुटी वनस्पती असून...' असं नको. 'ही पेन्सिलीसारखी टोकं मुळांची आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं वर काढतो' असं लिहा. तिसऱ्या, खुबे, मुळे ही शिंपल्यांची नावं तालुक्यागणिक बदलतात, तेव्हा तुमच्या भागातलं नाव मोठ्या अक्षरात द्या आणि शास्त्रीय नाव खाली लहान.

मराठी आणि इंग्रजी या दोन भाषा पुरे. मराठी वर, मोठी. देवनागरीला मात्रा-उकारांसाठी ओळींमध्ये जास्त मोकळी जागा लागते. इंग्रजीचं अंतर तसंच ठेवलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला भिडतो. मीटरभर अंतरावरून वाचायचा मजकूर ३० पॉइंटपेक्षा लहान नको. फलकाचा मध्य जमिनीपासून सुमारे १४० सेंटिमीटरवर ठेवा, मुलांसाठीच्या पट्ट्या त्याहून खाली.

इशारा: छपाईआधी 'तिसऱ्या', 'किनाऱ्यावर', 'वाऱ्याने' हे शब्द डोळ्यांत तेल घालून तपासा. जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये किंवा उलट फाइल गेली की 'ऱ्या' हमखास मोडतो, आणि या विषयात तो दर दुसऱ्या ओळीत येतो. छापखान्याकडून पडद्यावरचं चित्र मान्य करू नका, खऱ्या आकाराचा एक फलक छापून मागा.

## ६. पुठ्ठ्याचं दालन

रिकाम्या सभागृहात किंवा शाळेच्या अंगणात खडूने खऱ्या मापाची वाट आखा. देखाव्यांच्या जागी पुठ्ठ्याची खोकी ठेवा, मजकूर साध्या कागदावर छापून चिकटवा. मग सहावी-सातवीचा एक वर्ग आणा आणि गप्प उभे राहून बघा. कुठे कोंडी होते? कुठला कागद कुणीच वाचत नाही? शिक्षक कुठे उभे राहतात?

व्हीआरचा निर्णयही इथेच करा, साध्या गणिताने. पन्नास मुलं, दोन चष्मे, प्रत्येकी तीन मिनिटं: रांग पंचाहत्तर मिनिटांची. सहलीला अख्ख्या संग्रहालयासाठीही बहुधा तेवढा वेळ नसतो. शिवाय प्रत्येक वापरानंतर चष्मा पुसायला माणूस लागतो. बहुतेक जिल्हा संग्रहालयांनी तो पैसा चांगल्या देखाव्यांवर घालावा असं मला ठामपणे वाटतं.

तपासा: बाहेर पडताना मुलांना एकच प्रश्न विचारा: घरी गेल्यावर काय सांगशील? पहिल्या टप्प्यातलं वाक्य कुठल्या ना कुठल्या रूपात निम्म्या मुलांकडून आलं नाही, तर आराखडा बदला. पुठ्ठा बदलणं स्वस्त आहे, फायबरचा खडक नाही.

## ७. देखावे उभारणं

सगळ्या देखाव्यांत क्षितिजाची रेषा एकाच उंचीवर हवी. समुद्र एकच आहे. खऱ्या किनाऱ्यावर क्षितिज नेहमी बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. दालनात मोठी माणसं आणि मुलं यांच्यात तडजोड म्हणून १३५ ते १४० सेंटिमीटर धरा आणि लेझर लेव्हलने चारही भिंतींवर खूण करून घ्या. वेगवेगळे चित्रकार आपापल्या सोयीने रेषा धरतात आणि मग एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाताना समुद्र वरखाली होतो. माणसाला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं.

मागची भिंत वळणदार घ्या, कोपरे नकोत. चित्र आणि पुढची खरी मांडणी जिथे मिळतात तो सांधा झुडपाने किंवा खडकाने झाका. ऊन सगळ्या देखाव्यांत एकाच दिशेने येऊ द्या. आपल्याकडे सूर्य समुद्रात मावळतो, हे चित्रकाराला सांगायची गरज पडू नये, पण पडते.

*कांदळवन.* मुळांचे साचे जागेवरच घ्या, दातांचे डॉक्टर वापरतात त्या अल्जिनेटने. ते ओल्या पृष्ठभागावर चालतं आणि काही मिनिटांत घट्ट होतं. मात्र सुकलं की आकसतं, म्हणून ओतकाम त्याच दिवशी करा. तिवराची दहा-पंधरा वेगवेगळी श्वसनमुळं घ्या आणि फिरवून फिरवून लावा. एकाच साच्यातली शंभर लावली तर ती पेरलेल्या पिकासारखी दिसतात. कांदळाची आधारमुळं, तिवराची पेन्सिलीसारखी आणि चिप्पीची जाड शंकूसारखी मुळं शेजारी शेजारी ठेवली की फरक हाताला कळतो. दृष्टिहीन मुलांसाठी हीच जागा सर्वात मोलाची ठरते, तिथे ब्रेल पट्टी हवीच. श्वेत चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे. तिची फुलं रात्री उमलतात, म्हणून या कोपऱ्याला रात्रीचा उजेड द्या.

*चिखल.* खरा चिखल आणू नका. तो सुकतो, तडकतो, त्याला बुरशी येते. रेझिनवर चाळलेली कोरडी गाळमाती बसवा आणि फक्त खोलगट भागांना चकाकी द्या. सगळ्यावर चकाकी दिली तर चॉकलेट ओतल्यासारखं दिसतं. निवटी आणि फिडलर खेकडे बिळाच्या तोंडाशी ठेवा, उघड्यावर विखरून नाही. वासाचे फवारे मारायची सूचना कुणीतरी करेलच. चिखलाचा तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो, बंद खोलीत त्याच्या वाटेला जाऊ नका.

*पुळण.* काचेच्या भिंतीतून वाळूचा उभा छेद दाखवा: सुमारे दीड फूट खोल, सुरईच्या आकाराचं कासवाचं घरटं आणि त्यात शंभराच्या आसपास अंडी. वाळूच्या उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हे ठरतं, हे दोन रंगांच्या दिव्यांनी समजतं. शेजारी एक बटण ठेवा. दाबलं की किनाऱ्यावरच्या हॉटेलचा दिवा लागतो आणि पिल्लांच्या दिव्यांची रांग समुद्राकडून वळून हॉटेलकडे जाते. एक शब्दही न वाचता मुलाला गोष्ट कळते.

*खडक.* इथे दुसऱ्या टप्प्यातली वही उघडा आणि पट्टे मोजलेल्या उंचीप्रमाणेच लावा. सजावटीसाठी तारामासा वरच्या कोरड्या खडकावर चिकटवला, तर आपलं एकमेव वाक्य आपणच खोडलं.

## ८. भरती आणा, पाणी नको

दालनात खरं पाणी खेळवण्याचा हट्ट सोडा. पंप बिघडतो, शेवाळ धरतं, डास होतात आणि हवेतली आर्द्रता नमुने खाते. भरती उजेडाने आणि आवाजाने आणता येते.

भरतीचं एक आवर्तन सुमारे १२ तास २५ मिनिटांचं असतं. ते बारा-साडेबारा मिनिटांत बसवा. भिंतींलगतची निळी प्रकाशरेषा हळूहळू चढते आणि उतरते. सगळ्या पट्ट्यांचा उजेड आणि आवाज एकाच नियंत्रकावरून चालला पाहिजे. चार ठेकेदारांनी चार वेगळ्या पेट्या बसवल्या की पुळणीवर भरती आणि खाडीत ओहोटी अशी गत होते.

मग दोन याद्या करा. ओहोटीत उजळणारे: निवटी, फिडलर खेकडे, चरणारे रोहित पक्षी, तिसऱ्या काढणारी बाई. भरतीत उजळणारे: उघडलेलं कालव, पाय हलवणारं बार्नॅकल, मुळांमध्ये शिरलेली माशांची पिल्लं, आणि खाडी सोडून पाणथळीवर जाऊन थांबलेले तेच रोहित पक्षी. पाणी चढलं की त्यांना ती दुसरी जागा लागते, ही गोष्ट ठाणे खाडीच्या पट्ट्यात ठळक मांडा. खाडी २०१५ पासून अभयारण्य आणि २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) आहे, पण पक्षी फक्त त्या हद्दीत राहत नाहीत.

फलकांवरचा उजेड मात्र भरतीबरोबर कमी करू नका. आवाज इतकाच ठेवा की शिक्षकांना ओरडावं लागणार नाही. आवाज-उजेडाचा त्रास होणाऱ्या मुलांसाठी एक शांत कोपरा असू द्या आणि लखलखणारे दिवे कुठेच लावू नका. अंधाऱ्या भागातही बाहेर पडायच्या वाटेची खूण सतत उजळ हवी.

## ९. साहित्य कोकणच्या हवेला टिकणारं

पुण्या-मुंबईच्या मॉलसाठी ठीक असलेलं साहित्य खाऱ्या हवेत टिकत नाही. उघड्यावरचे स्क्रू आणि बिजागऱ्या ३१६ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलच्या घ्या. प्लायवूड आयएस ७१० (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं मानक) चं, वाळवीची प्रक्रिया करून. खडकांसाठी थर्माकोल नको, सहज आग न पकडणारं फायबर वापरा आणि अग्निशमन दलाचा दाखला आराखड्याच्या वेळीच मागा.

शंख-शिंपल्यांच्या कपाटांकडे विशेष लक्ष द्या. एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळ्या) आणि काही लाकडांतून आम्लाची वाफ निघत राहते. बंद कपाटात ती शिंपल्यांच्या चुन्यावर चढते आणि पृष्ठभागावर पांढरी पूड येते. ही झीज भरून निघत नाही, आणि दमट हवेत ती आणखी वेगाने होते. म्हणून कपाट धातूचं किंवा काचेचं घ्या, आणि रंग दिल्यावर तीन-चार आठवडे उघडं ठेवूनच नमुने आत ठेवा. उद्घाटनाच्या घाईत हाच वेळ खाल्ला जातो.

पिसं आणि कातड्यांवर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड नको. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवा. पावसाळ्यात बाहेर ती नव्वदीला जाते, तेव्हा कपाटात ओलावा शोषणारं सिलिका जेल आणि दालनात आर्द्रताशोषक यंत्र लागतं. त्या यंत्राचं पाणी जायला नळी आराखड्यातच दाखवा.

तपासा: मुख्य बटण बंद करून दहा मिनिटांनी चालू करा. दिवे, आवाज, प्रोजेक्टर कुणीही हात न लावता आपोआप सुरू झाले का? पावसाळ्यात वीज दिवसातून अनेकदा जाते, आणि दर वेळी तंत्रज्ञ येणार नाही.

## १०. हस्तांतर आणि पहिला पावसाळा

उद्घाटनाआधी किमान दोन आठवडे दालन पूर्ण चालू ठेवून दोन-तीन शाळांना बोलवा. सापडलेल्या चुका त्याच काळात दुरुस्त करा. बजेटातला दहावा हिस्सा यासाठी बाजूला ठेवलेला असावा, आणि दरवर्षीच्या देखभालीची तरतूद मंजुरीच्या कागदातच लिहून घ्या. नंतर ती मिळत नाही.

दालन सांभाळणाऱ्यांना मराठीत लिहिलेली, फोटोंसह वही द्या: सकाळी काय चालू करायचं, कुठला आर्द्रतामापक वाचून कुठे लिहायचा, सिलिका जेलचा रंग बदलला की काय करायचं, कोणाला फोन करायचा. किल्ल्या आणि पासवर्ड एकाच माणसाकडे नकोत.

जून ते सप्टेंबर दर आठवड्याला कपाटांचे कोपरे, देखाव्यांच्या मागच्या भिंती आणि वायरिंगच्या पेट्या उघडून पाहा. बुरशी, गंज आणि वाळवी आधी मागच्या बाजूला येतात. ऑक्टोबरात ठेकेदाराला बोलावून एकत्र पाहणी करा आणि अंतिम बिलाचा शेवटचा हप्ता त्या पाहणीनंतरच द्या. ही अट करारात सुरुवातीलाच घाला.

साचे फेकू नका. नाव-तारीख लिहून कोरड्या जागी ठेवा. सगळ्यात आधी तुटतात ती तिवराची मुळं, कारण मुलं ती दाबून, वाकवून बघतात. त्यांना बघू द्या. दर मे महिन्यात सुट्टीत वीस-पंचवीस नवी मुळं ओतून ठेवली की वर्षभर पुरतात.